फ्रेंच कुटुंबात राहून भाषा सहायकाचं काम: घर, कागद, स्वयंपाक, वर्ग

रानजाई

नमस्कार मंडळी. येत्या १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल फ्रान्समध्ये इंग्रजीची भाषा सहायक म्हणून नेमणूक झाली आहे. आठवड्याला १२ तास, क्लेरमों-फेराँच्या रेक्तोराखाली (म्हणजे विभागीय शिक्षण कार्यालयाखाली), इस्वार गावात एक कोलेज (साधारण ११ ते १५ वर्षांच्या मुलांची शाळा) आणि एक प्राथमिक शाळा. राहायला एका कुटुंबात खोली मिळते आहे: नवरा-बायको आणि ७ व १० वर्षांची दोन मुलं. सोमवार ते शुक्रवार रात्रीचं जेवण त्यांच्यासोबत, बाकी आपापलं. मेलमध्ये त्यांनी लिहिलंय की मुलांशी घरात इंग्रजीत बोलशील म्हणून भाडं कमी ठेवलं आहे.

हे 'बोलशील' म्हणजे नक्की किती, हे कसं ठरवायचं? पोहोचल्यावर कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची? घरात वावरताना आपल्या सवयींपैकी काय अडतं? मी अंडं खाते, मांस-मासे नाही. आणि वर्गात सहायकाने करायचं काय, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

कंदील

रानजाई, अभिनंदन. आधी त्या भाड्याच्या वाक्याचं बघू, कारण पुढची निम्मी भांडणं तिथून उगवतात.

भाडं आणि इंग्रजी एकमेकांपासून सोडवून घ्या. भाडं कमी म्हणून मुलांना शिकवायचं, असं झालं की ती मजुरी झाली, आणि तुमचा व्हिसा शाळेतल्या नोकरीपुरता आहे. मुलं सांभाळून राहायची व्यवस्था फ्रान्समध्ये वेगळी आहे, तिला ओ पेर म्हणतात. तिचा करार वेगळा, परवाना वेगळा, आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास आणि महिन्याला किमान ३२० युरो हातखर्च. तुम्ही त्यातल्या नाही. म्हणून करारावर भाड्याचा आकडा पूर्ण आणि स्वच्छ लिहून घ्या. इंग्रजीचं म्हणाल तर 'जेवताना आणि खेळताना इंग्रजीत बोलेन, पण शिकवणी घेणार नाही, मुलांना शाळेतून आणणं आणि रात्री सांभाळणं यात येत नाही' इतकं सरळ मेलवर कळवा. फ्रेंच माणसाला लेखी स्पष्टपणा उद्धट वाटत नाही. उलट बोलण्यात मोघम राहिलात तर तो त्याच्या सोयीचा अर्थ धरतो.

करार कोणता, हेही विचारा. तुमच्या सात महिन्यांना 'बाय मोबिलिते' चपखल बसतो. फर्निचरसह खोली, १ ते १० महिने मुदत, अनामत रक्कम घेता येत नाही, आणि तुम्हाला सोडायचं असेल तर एक महिन्याची नोटीस. तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्यांना तो करता येतो. बरीच कुटुंबं त्याऐवजी नुसतं 'आतेस्तास्यों देबेर्जमाँ' म्हणजे 'ही व्यक्ती आमच्याकडे राहते' असं पत्र देतात. बँकेला ते चालतं, पण त्यावर भाडं दिसत नसल्याने काफ या सरकारी मदत कार्यालयाकडून घरभाड्याची मदत मिळत नाही. ती हवी असेल तर करार पाहिजे, खोली किमान ९ चौरस मीटर पाहिजे, आणि घरमालकाने भाडं घेतो असं कबूल करायला पाहिजे. कर भरावा लागेल म्हणून लोक कचरतात. स्वतःच्या राहत्या घरातली खोली दिली आणि भाडं चौरस मीटरमागे ठरलेल्या मर्यादेत ठेवलं तर त्यांना करमाफी असते, हे त्यांना सांगून बघा. अनेकांना ते ठाऊकच नसतं. आणि काफचा अर्ज आल्या-आल्या टाका. राहायला आल्याच्या पुढच्या महिन्यापासून हक्क सुरू होतो, उशिरा अर्ज केला तर मागचे महिने गेले ते गेले.

आता क्रम. पहिल्या दिवशी शाळेच्या कार्यालयात 'प्रोसे-व्हेर्बाल दँस्तालासियों' वर सही करायची. तुम्ही कामावर रुजू झालात याचा हा कागद, याच्यावाचून पगार निघत नाही. सही केली की त्याची प्रत मागून घ्या आणि मूळ कागद रेक्तोराला कधी गेला ते विचारा. त्याच आठवड्यात बँक खातं. पासपोर्ट, नेमणुकीचं पत्र, कुटुंबाचं ते पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्या नावाचं तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा फोनबिल. यातली शेवटची दोन कागदं मागायला संकोच वाटतो, पण ती मागितली जाणार हे त्यांना माहीत असतं. बँकेने नकार दिला तर नकाराचं पत्र घ्या. फ्रान्सची मध्यवर्ती बँक 'द्र्वा ओ कोंत' या हक्काखाली एका बँकेला खातं उघडायला लावते. खातं झालं की 'रिब' म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद शाळेत द्यायचा.

पगार हातात साधारण ८०० युरो आणि तो महिन्याच्या शेवटी येतो. रिब उशिरा पोहोचला तर ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या शेवटी एकदम येऊ शकतो. आगाऊ रक्कम मागता येते, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. त्यामुळे दोन महिन्यांचं भाडं आणि खाणं निघेल एवढे पैसे घेऊनच निघा.

व्हिसा फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन 'वैध' करावा लागतो. त्याचं शुल्क ऑनलाइन मुद्रांकाने भरतात. पत्ता कायम झाला की लगेच करा, काफ आणि आरोग्य विमा दोन्ही हा पुरावा मागतात. आरोग्य विम्यासाठी जन्मदाखला लागतो, त्यावर आई-वडिलांची नावं हवीत. त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, भारतातूनच करून आणा, फ्रेंच भाषांतर तिकडच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून. फॉर्म भरताना 'नों' च्या रकान्यात फक्त आडनाव आणि 'प्रेनों' मध्ये पासपोर्टवर जसंच्या तसं बाकीचं. आपलं वडिलांचं नाव मधे असतं, ते एका कागदावर आलं आणि दुसऱ्यावर गळलं की दोन वेगळ्या व्यक्ती समजून फाईल अडकते.

एक अगदी छोटी गोष्ट, पण हिच्यापायी महिना जातो. पत्त्यात कुटुंबाचं आडनाव 'शे' हा शब्द लावून लिहा, म्हणजे 'अमक्यांकडे', आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या टपालपेटीवर तुमच्या आडनावाची पट्टी चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त आकडा दुसऱ्या पाकिटात येतो. यातलं एक जरी परत गेलं तरी सगळं पुन्हा.

हो, आणि पॅरिसहून क्लेरमों-फेराँची गाडी बेर्सी स्टेशनातून सुटते, गार द लियोंमधून नाही. शार्ल द गोल विमानतळावरून आलात तर एर-ए-एर बी या उपनगरी गाडीने शात्ले-ले-आल, तिथून मेट्रो १४ ने बेर्सी. गाडी साडेतीन तास घेते. क्लेरमोंहून इस्वार लोकल गाडीने. शाळेच्या प्रवासासाठी मासिक पास काढलात तर त्याची पावती शाळेत द्या. सरकारी सेवेत १ सप्टेंबर २०२३ पासून पासाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते.

आबोली

कंदील यांनी कागदांचं सगळं सांगितलं, मी घरातलं सांगते. रानजाई, तुला 'तू' म्हटलं तर चालेल ना?

सगळ्यात आधी पाणी. फ्रेंच घरात गरम पाण्याची टाकी असते, 'बालों' म्हणतात. बऱ्याच घरांत ती रात्री स्वस्त विजेच्या तासांत तापते आणि दिवसभर तेवढंच पाणी पुरवायचं. हिशेब कर: २०० लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं साधारण साडेतीनशे लिटर होतं. शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पडतं. पाच माणसं, प्रत्येकी सात मिनिटं, की टाकी संपली. तू पंधरा मिनिटं उभी राहिलीस तर घरातलं कुणीतरी थंड पाण्याने अंघोळ करणार. ते तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण लक्षात ठेवतील. अंघोळीची वेळ पहिल्याच दिवशी विचारून घे. केस धुवायचा दिवस सांगून ठेवलास तर फारच छान.

दुसरं, न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पाणी जाण्याची जागा फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीत. बादली-तांब्या बाहेर घेऊन बसलीस की पाणी लाकडी जमिनीत मुरतं आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो, मग विमा कंपन्यांची पत्रं सुरू होतात. पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर नाही. बाहेर पडायच्या आधी आतल्या आतच अंग पुसायचं. संडास बहुतेक वेगळ्या खोलीत असतो आणि तिथे नळ नसतो. छोटी बाटली भरून नेणं हा सरळ उपाय आहे. फक्त ती जमिनीवर ठिबकू देऊ नकोस आणि रोज उचलून आण.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि तिकडच्या घरात हिवाळ्यात १९ अंश ठेवतात. रात्री तेल लावून सकाळी धुतलंस तर ते केसांसकट जाळीखालच्या वाकड्या नळीत जाऊन थिजतं. दोन महिन्यांत पाणी तुंबतं आणि दोष कुणाचा ते लगेच कळतं. धुण्याआधी कागदी रुमालाने तेल टिपून घे, जाळीवर केस अडवायची छोटी गाळणी ठेव, दर आठवड्याला ती साफ कर. उशीला स्वतःचा जुना अभ्रा.

कपडे धुण्याचं यंत्र बहुतेक स्वस्त विजेच्या वेळेत लावतात. रंग सोडणारे सुती कपडे पहिल्या धुण्यात त्यांच्या पांढऱ्या चादरींबरोबर टाकायचे नाहीत, हे सांगायला नको. वाळत घालायला घडीची जाळी असते. ओले कपडे खोलीतल्या रेडिएटरवर पसरू नकोस, भिंतीला बुरशी धरते. सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडून रेडिएटर बंद ठेवायचा, मग खिडकी बंद करून चालू करायचा. खिडकी किलकिली ठेवून दिवसभर रेडिएटर चालवणं हा त्यांच्या लेखी मोठा अपव्यय. संध्याकाळी अंधार पडला की 'व्होले', म्हणजे बाहेरची लाकडी झडपं, लावतात. ते काम तू आपणहून करायला लागलीस की पाहुणेपण संपतं.

कचरा: पिवळ्या झाकणाच्या पेटीत वेष्टणं, काच वेगळी रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत, आणि १ जानेवारी २०२४ पासून ओला कचराही वेगळा करायचा नियम आहे. काही गावांत बादली देतात, काही ठिकाणी अंगणात कंपोस्ट. कोणता रंग कशासाठी हे गावागणिक बदलतं, म्हणून घरच्यांनाच विचार.

आता बोलणं. घरात शिरलं की प्रत्येकाला स्वतंत्र 'बोंजूर', संध्याकाळी 'बोंस्वार'. नुसतं स्वयंपाकघरातून हाक मारून चालत नाही, जवळ जाऊन म्हणायचं. झोपायला जाताना 'बोन न्वी'. मोठ्यांना सुरुवातीला 'व्हू', ते 'तू म्हणूया' म्हणाले की 'त्यू'. मुलांना पहिल्यापासून 'त्यू'.

आणि एका शब्दाने फार गोंधळ होतो. 'आणखी घेणार?' असं विचारल्यावर नुसतं 'मेर्सी' म्हटलं तर त्याचा अर्थ 'नको' होतो. तू आभार मानतेस आणि ताट पुढे सरकतं. हवं असेल तर 'वी, झ व्हो ब्यँ' (हो, चालेल) किंवा 'व्होलोंतिए' (आनंदाने) म्हण.

रानजाई

आबोलीताई, 'तू' च म्हणा. पाण्याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. स्वयंपाकाबद्दलही विचारायचं होतं. शनिवार-रविवारी मी माझं करणार. फोडणीचा वास त्यांना त्रास देईल का? आणि रोजच्या जेवणात शाकाहारी म्हणजे ते नक्की काय समजतील?

ताकपोळी

वासाच्या आधी धुराचं बघा. मार्च २०१५ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा भोंगा बंधनकारक आहे आणि तो बहुधा स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात असतो. फोडणीने तो वाजतो, कारण बहुतेकांकडे इंडक्शन आहे. पातळ बुडाच्या भांड्यात तेल मिनिटभरात धुरावतं, आपल्याला गॅसवर मिळणारी सवड तिथे मिळत नाही. म्हणून चिमणी तेल तापायच्या आधी सुरू करायची, दार लावायचं, खिडकी उघडायची. ९ पैकी ५ किंवा ६ वर तेल तापवायचं. मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, तडतडला की बाकीची टाकून झाकण. तडतड थांबायच्या आत भांडं उचलून बाजूला घ्यायचं, उचललं की आच बंद होते. हिंग, हळद, कढीपत्ता हे सगळं उचललेल्या भांड्यातच. वासाचा मुख्य भाग याने जातो. सुक्या मिरच्या तेलात जाळल्यात तर मात्र सगळं घर खोकतं, त्या शेवटी घाला.

हळदीचे हात त्यांच्या पांढऱ्या ओट्याला आणि लाकडी चमच्यांना लावू नका. स्वतःचा एक चमचा ठेवा. कापडावर डाग पडलाच तर साबणाने धुवून उन्हात घाला, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

भांडी नेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर इंडक्शनवर चालेल. आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, उगाच वजन होईल. त्यांच्या 'कोकोत-मिन्युत' मध्ये, म्हणजे तिकडच्या प्रेशर कुकरमध्ये, शिट्ट्या मोजत नाहीत, वाफेची फुसफुस सुरू झाली की मिनिटं मोजतात. पण मसुरीच्या डाळीला, तिथे 'लांतीय कोराय' म्हणतात, कुकर लागतच नाही. पंधरा मिनिटांत शिजते. तुमच्या बाजूला ल प्युईची हिरवी मसूर मिळेल, तिला पंचवीस मिनिटं आणि ती विरघळत नाही, उसळीसारखी अख्खी राहते. फार सुरेख लागते, कांदा-गोडा मसाला घालून करून बघाच. तूरडाळ छोट्या गावात शोधावी लागते, मसूर, हरभरा आणि 'प्वा कासे' म्हणजे सोललेला वाटाणा कोणत्याही दुकानात असतो.

पोळ्यांचं: पिठाच्या पाकिटावर 'टी' आणि आकडा असतो. टी ५५ हा पांढरा मैदा, त्याची पोळी गार झाली की वातड. टी १५० मध्ये सगळा कोंडा, पोळी फुटते. टी ११० आपल्या कणकेच्या सगळ्यात जवळ जातं. ते नसेल तर टी १५० आणि टी ६५ निम्मे-निम्मे. कोमट पाण्याने मळून अर्धा तास झाकून ठेवा, तिकडच्या कोरड्या हवेत कणीक लगेच सुकते. रव्याला 'समूल फीन' घ्या, तो डुरम गव्हाचा असतो, उपमा मोकळा होतो. 'क्रेम फ्रेश' ही साय आंबट असते, खिरीत घालू नका. श्रीखंडाला मात्र 'फ्रोमाज ब्लाँ', म्हणजे दह्यासारखं ताजं मऊ चीज, कापडात चार तास टांगलं की चक्का तयार. मुलांना श्रीखंड आवडतं आणि तिखट नसल्याने घरच्यांशी पहिली ओळख त्यानेच करून द्यावी असं माझं मत आहे.

आता त्यांच्या जेवणाबद्दल. 'मी व्हेजेतारियेन आहे' एवढ्याने भागत नाही. बऱ्याच लोकांच्या हिशेबात मासे त्यात बसतात, आणि लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे हे 'मांस' नसून चवीचा पदार्थ असतो. वाक्य असं पाठ करा: 'झ न मांज नी व्यांद, नी प्वासों, नी शार्क्युतरी', म्हणजे मी मांस, मासे आणि हॅम-सॉसेजसारखे पदार्थ खात नाही. मग तीन ठिकाणी लपलेलं मांस विचारा. सूपमधला कोंबडीचा रस्सा-वडी, कीश या अंडं-सायीच्या खाऱ्या पायमधले लार्दों, आणि गोळ्या-मूसमधलं जिलेटिन, जे पुष्कळदा डुकराचं असतं. तुमच्या भागात त्रुफाद हा बटाटा-चीजचा पदार्थ फार होतो. तो पुष्कळ घरांत चरबीत परततात आणि हॅमसोबत वाढतात. आलिगो त्यापेक्षा सोपा: बटाट्याचा लगदा, ताजं तोम चीज, लोणी, साय, लसूण. सोबतचं सॉसेज नको म्हणायचं.

चीजबद्दल आधीच ठरवा. साँ-नेक्तेर, काँताल, ब्लो दोव्हेर्न्य ही तिकडची मानाची चीजं वासराच्या जठरातल्या 'प्रेझ्युर' ने दूध फाडून करतात. तुम्हाला ते चालत नसेल तर पहिल्या दिवशीच सांगा. महिनाभर खाऊन मग सांगितलंत तर त्यांना वाईट वाटेल. चालत असेल तर चीजची थाळी एकदाच फिरते, दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे घ्यायचे आणि त्रिकोणी चीजचं टोक कापून न्यायचं नाही. कडेने उभा काप घ्यायचा, म्हणजे मऊ मधला भाग सगळ्यांना मिळतो. पाव ताटात नाही, ताटाशेजारी टेबलावर. चावून तोडायचा नाही, हाताने तुकडा मोडायचा. दोन्ही मनगटं टेबलाच्या वर दिसली पाहिजेत, डावा हात मांडीवर ठेवायची आपली सवय तिथे खटकते.

आठवड्यातून एखाद्या रात्रीचं जेवण मी करते असं सांगा. हे फार उपयोगी पडतं, कारण त्यांना रोज तुमच्यासाठी वेगळं काय करायचं याचा ताण असतो. पाच जणांना दीड कप मसूर, दोन कप तांदूळ पुरतात. तिखट तुमच्या वाटीत वेगळं.

खडूफळा

वर्गाबद्दल. बारा तास ऐकायला कमी वाटतात, पण दोन शाळांमध्ये विखुरले तर पाचही दिवस अडकतात. पहिल्या आठवड्यात तुमच्या संदर्भ-शिक्षकाबरोबर, म्हणजे शाळेत तुमचं काम बघणाऱ्या शिक्षकाबरोबर, बसून तास तीन-चार दिवसांत गोळा करून मागा. बुधवारी दुपारी कोलेज बहुधा बंद असतं, तिथे काही टाकू देऊ नका.

सहायकाने पूर्ण वर्ग एकट्याने घ्यायचा नसतो, गुणही द्यायचे नसतात. चांगली पद्धत म्हणजे शिक्षक अर्धा वर्ग ठेवतो, तुम्ही आठ-दहा मुलं शेजारच्या खोलीत नेता, अर्ध्या तासाने अदलाबदल. कोलेजचा तास ५५ मिनिटांचा, त्यात जाण्या-येण्याची आठ मिनिटं गेली असं धरून २० मिनिटांचंच काम आखा. प्राथमिक शाळेत तेवढंही नको, दर सात-आठ मिनिटांनी कृती बदला.

मुलांच्या चुका फ्रेंचमधून येतात, त्या ओळखल्या की काम सोपं. फ्रेंचमध्ये वय 'असतं', म्हणून 'आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स' येणारच. 'सहमत असणं' म्हणून 'आय ॲम अग्री'. 'ह' चा उच्चार त्यांच्या कानाला नाही, त्यामुळे 'हंग्री' आणि 'अँग्री' एकच होतात. हे शब्द चित्रांवर लिहून, दोन बाजूंना लावून, ऐकून पळायला लावा. दहा वर्षांच्या मुलांना पळायला मिळालं की 'ह' आपोआप येतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी' साठी आघाताच्या जागी टाळी.

फळ्यावर आकडे लिहिताना सांभाळा. तिथे १ ला वर लांब तिरकी शेंडी असते आणि ७ ला मधून आडवी रेघ. तुम्ही काढलेला बिनरेघेचा ७ मुलं १ वाचतात. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. मुलांच्या वह्या ८ मिलिमीटरच्या चौकोनांच्या, आत दोन-दोन मिलिमीटरच्या बारीक रेघा. अक्षर ते जोडून लिहितात, त्यामुळे फळ्यावरचं सुटं लिखाण छोट्यांना उतरवायला वेळ लागतो, तेवढा द्या.

मुलांचे फोटो काढू नका, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही.

जेवण शाळेच्या काँतीनमध्ये घेता येतं, कार्यालयात कार्ड करून मागा. २०१८ च्या एका कायद्याने शाळांच्या काँतीनमध्ये आठवड्यातून किमान एक जेवण बिनमांसाचं असतं. बाकी दिवशी भाजी, पाव, चीज, फळ यावर निभावतं, नाहीतर डबा. शिक्षकांच्या खोलीत बहुधा मायक्रोवेव्ह असतो.

आजारी पडलात तर डॉक्टरकडून 'आरे द त्राव्हाय', म्हणजे आजारपणाच्या रजेचा दाखला, घेऊन ४८ तासांच्या आत पाठवायचा, नाहीतर पगार कापला जातो. साध्या डॉक्टरची फी ३० युरो. आरोग्य विम्याचा क्रमांक झाला आणि 'मेद्सँ त्रेताँ' म्हणजे नेहमीचा डॉक्टर नोंदवला असेल तर त्यातले १९ परत येतात. लहान गावांत नवे पेशंट घेणारा डॉक्टर मिळणं अवघड आहे. कुटुंबाच्या डॉक्टरला त्यांनीच फोन करून विचारावं, अशी विनंती सप्टेंबरमध्येच करा.

कंदील

खडूफळा यांच्याकडून शाळेच्या सुट्ट्यांचं सांगायचं राहिलं. तुसाँ (नोव्हेंबरच्या सुरुवातीचा सर्व संतांचा सण), नाताळ, हिवाळी आणि वसंत अशा चार, प्रत्येकी दोन आठवड्यांच्या. शाळांच्या सुट्ट्यांसाठी फ्रान्सचे अ, ब, क असे विभाग आहेत. क्लेरमों-फेराँ अ विभागात येतं, म्हणून हिवाळी आणि वसंताच्या तारखा पॅरिसपेक्षा वेगळ्या. पॅरिस क विभागात आहे. पगार सुट्टीतही चालू राहतो. कुटुंब तेव्हा बाहेरगावी जाणार असेल तर घर तुमच्या ताब्यात राहणार की बंद होणार, हे ऑक्टोबरातच विचारून ठेवा. घर बंद करताना काही लोक पाण्याची टाकीही बंद करून जातात.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कुटुंबाला मेल टाकते: भाडं वेगळं, इंग्रजी वेगळं, आणि बाय मोबिलितेचं विचारते. एक शेवटचं. मुलांशी 'जेवताना आणि खेळताना' म्हटलं, पण सात वर्षांच्या मुलाने उत्तरच दिलं नाही तर?

खडूफळा

पहिला महिना तो देणारही नाही. त्याला फ्रेंचमध्ये उत्तर देऊ द्या, तुम्ही इंग्रजीतच बोलत राहा. घरातल्या ठरलेल्या गोष्टींना तीच ठरलेली वाक्यं वापरा: ताटं मांडताना, बूट काढताना, साडेचारच्या 'गुते' ला, म्हणजे शाळेतून आल्यावरच्या खाण्याला. तेच वाक्य वीस वेळा त्याच जागी ऐकलं की एकविसाव्यांदा ते त्याच्या तोंडून येतं. आई-वडिलांनी 'इंग्रजीत सांग बरं' असं पाहुण्यांसमोर म्हणू नये, तेवढं त्यांना एकांतात सांगा. सात वर्षांचं मूल त्याने बंदच होतं.

आबोली

आणि किल्ली! सांगायचीच राहिली. फ्रेंच दारं नुसती ओढली तरी लागतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. कचरा टाकायला निघालीस तरी किल्ली खिशात. घरात असताना दाराच्या आतल्या बाजूने कुलपात किल्ली लावून ठेवू नकोस. बऱ्याच जुन्या कुलपांत आत किल्ली असली की बाहेरच्याला त्याची किल्ली घालताच येत नाही, आणि तू कानात वायर घालून बसलीस की सगळं कुटुंब थंडीत दाराबाहेर. भिंतीवर खिळा असतो किंवा बशी ठेवलेली असते, किल्ली तिथे.